चित्र ‘सेव्ह’ झाले. पण वाचले काय?

दिवाळी जवळ आली की एक चित्र हमखास मोबाइलवर येते. काळ्या पार्श्वभूमीवर भारताचा आकार, त्यात पांढरे, निळे, हिरवे आणि लाल ठिपके दाटीवाटीने उजळलेले, आणि सोबत एक ओळ : दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत, नासाचे छायाचित्र. चित्र देखणे आहे. शाळेच्या फलकावर लावावे असेच आहे. मात्र ते दिवाळीचे नाही, कोणत्याही एका रात्रीचेही नाही, आणि नेहमीच्या अर्थाने छायाचित्रही नाही.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या हवामान-उपग्रहांनी रात्रीच्या प्रकाशाच्या ज्या नोंदी घेतल्या होत्या, त्यांवरून ‘नोआ’ या संस्थेतील शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३ मध्ये ते तयार केले. लोकवस्ती कशी वाढत गेली हे त्यांना दाखवायचे होते. त्यासाठी त्यांनी रंगांची एक सूची ठरवली. १९९२ च्या आधीपासून दिसणारे शहरी दिवे पांढरे, १९९२ मध्ये नव्याने दिसलेले निळे, १९९८ मधले हिरवे आणि २००३ मधले लाल. म्हणजे रंग हे दिव्यांचे नाहीत, वर्षांचे आहेत. पुढे हे चित्र दिवाळीचे म्हणून इतके फिरले की नासाच्या ‘अर्थ ऑब्झर्व्हेटरी’ने नोव्हेंबर २०१२ मध्ये खुलासा केला आणि सुओमी एनपीपी या उपग्रहाने १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्री टिपलेले खरे चित्र सोबत दिले. त्या खऱ्या चित्रात दिवाळीची रोषणाई वेगळी अशी ओळखूच येत नाही. एरवीच्या शहरी दिव्यांच्या मानाने तिची भर अगदी थोडी असते. खुलासा होऊन इतकी वर्षे झाली, तरी जुने चित्र दर दिवाळीला फिरते आहेच.

या फसगतीत चित्राचा एकही ठिपका कोणी खोटा केलेला नाही. चित्रासोबत रंगांची सूची होती, ती फक्त गळून पडली. सूची गेल्यावर वर्षांचा आलेख दिव्यांची आरास झाला. कोणीतरी खोडसाळपणे किंवा भाबडेपणाने नवी ओळ जोडली हे खरेच. पण मुळात चित्र आपल्या सूचीपासून इतक्या सहज सुटे झाले कसे? मोबाइलवर आपण चित्र ‘डाउनलोड’ करतो, ‘सेव्ह’ करतो, तेव्हा नेमके काय उतरते, काय साठते आणि काय वाटेत सांडते, याचे परीक्षण विज्ञानाच्या शिक्षकाने करायलाच हवे. परीक्षणासाठी व्हॉट्सअ‍ॅप घेऊ या. त्याचे कारण उघड आहे. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हापासून कितीतरी शाळांचा तो दुसरा फळा झाला आहे. गृहपाठ त्यावर, प्रयोगवहीची पाने त्यावर, पक्ष्यांचे आणि फुलांचे फोटोही त्यावरच.

प्रथम चित्र पोहोचते कसे ते पाहू. आपण गॅलरीतून फोटो निवडून ‘पाठवा’चे बटण दाबले की आपलाच मोबाइल त्या फोटोची एक लहान प्रत तयार करतो. मग ती कुलूपबंद करतो, म्हणजे एका किल्लीने तिचे सांकेतिक रूपांतर करतो, आणि कंपनीच्या सर्व्हरवर चढवतो. ज्याला पाठवायचे त्याला खरे तर फोटो जात नाहीच. त्याला जाते एक छोटी चिठ्ठी. तिच्यात कुलूपबंद पेटी कोठे ठेवली आहे तो पत्ता असतो, किल्ली असते, आणि पेटीतला माल वाटेत बदललेला नाही हे तपासण्यासाठी एक गणिती ठसा असतो. सोबत एक अगदी लहान, धूसर नमुना-चित्रही असते. आपण धूसर चित्रावरच्या खाली तोंड केलेल्या बाणाला स्पर्श करतो तेव्हा आपला मोबाइल त्या पत्त्यावर जातो, पेटी आणतो, ठसा पडताळतो आणि किल्लीने उघडतो. ‘डाउनलोड’ म्हणतात ते हे. सर्व्हरवरची पेटी काही कायमची नसते. बरेच दिवस बाण तसाच राहू दिला तर पुढे ‘पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा’ असा निरोप येतो, तो त्यामुळेच.

ही रचना चोख आहे, आणि ती वर्गात समजावून सांगण्याजोगी आहे. २०१६ च्या एप्रिलपासून सर्व संदेशांना हे कुलूप लागले. पेटीत काय आहे हे खुद्द कंपनीलाही वाचता येत नाही. आणि गणिती ठशाची कल्पना तर विज्ञानशिक्षकाला आवडावी अशीच. पेटीतला एक बिट जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. म्हणजे या व्यवस्थेला पुराव्याचे महत्त्व कळत नाही असे नाही. तिला ते उत्तम कळते. पण ती जपते तो पेटीचा पुरावा. पेटीत ठेवलेली वस्तू मुळाबरहुकूम आहे का, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा. पेटीत घालण्यापूर्वीच त्या वस्तूची छाटणी झालेली असते.

ही छाटणी दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा मापाचा. सध्याच्या साध्या मोबाइलचा फोटोही बहुधा ४००० गुणिले ३००० बिंदूंचा असतो, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू. व्हॉट्सअ‍ॅप सर्वसाधारण प्रतीत त्याची लांब बाजू साधारण १६०० बिंदूंवर आणते. १६०० गुणिले १२०० म्हणजे १९ लाख २० हजार. सहा बिंदूंच्या जागी एकच बिंदू उरला म्हणा ना.

याचा अर्थ काय होतो हे आलेखाच्या कागदावर फार छान दिसते. विद्यार्थ्याने ए-४ आकाराच्या आलेख-कागदाचा आडवा फोटो काढला. कागदाची लांबी २९७ मिलिमीटर. मूळ फोटोत दर मिलिमीटरला साडेतेरा बिंदू आले. कागदावरची बारीक रेघ एक दशांश मिलिमीटर जाडीची धरली तर तिच्या वाट्याला एकापेक्षा थोडा जास्त बिंदू येतो, म्हणून ती दिसते. पाठवलेल्या प्रतीत मिलिमीटरला जेमतेम साडेपाच बिंदू उरतात. आता रेघेच्या वाट्याला अर्धाच बिंदू येतो. अर्धा बिंदू असा काही प्रकार नसतो. त्यामुळे रेघ शेजारच्या पांढऱ्यात मिसळून फिकट होते, कोठे दिसते, कोठे तुटते. मग शिक्षक मोबाइलवर तो आलेख मोठा करून पाहतात आणि विद्यार्थ्याने बिंदू २.३ वर मांडला की २.४ वर हे काही केल्या कळत नाही. मुलाने नीट मांडला असेल, आणि गुण मात्र जातील.

दुसरा टप्पा अधिक रंजक आहे. जेपीईजी पद्धतीने केलेले आकुंचन हा तो टप्पा. हे मानक १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या मुळाशी असलेले गणित मात्र १९७४ सालचे, आणि ते मांडणाऱ्यांत मुख्य नाव बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांचे. अमेरिकेत कॅन्सस येथे शिकवत असताना कोसाइन वक्रांच्या साहाय्याने चित्रांचे आकुंचन करता येईल का, हे अभ्यासण्यासाठी त्यांनी १९७२ मध्ये तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. कल्पना फारच साधी आहे, असा शेरा होता. अहमद यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. आज जगातला बहुतेक प्रत्येक फोटो त्या ‘फारच साध्या’ कल्पनेतून जातो. नववी-दहावीच्या मुलांना ही हकिकत अवश्य सांगावी.

कल्पना अशी. चित्राचे ८ गुणिले ८ बिंदूंचे चौकोन पाडायचे. १६०० गुणिले १२०० च्या चित्रात असे ३०,००० चौकोन होतात. आता एका चौकोनातील ६४ बिंदूंची तेजस्विता जशीच्या तशी लिहून ठेवायची नाही. त्याऐवजी ६४ ठरावीक नक्ष्या घ्यायच्या. पहिली नक्षी एकसारख्या करड्या रंगाची, पुढच्या हळूहळू चढउतार होणाऱ्या, आणि शेवटच्या बुद्धिबळाच्या पटासारख्या क्षणोक्षणी बदलणाऱ्या. यांतली कोणती नक्षी किती प्रमाणात मिसळली म्हणजे हा चौकोन तयार होईल, ते प्रमाण लिहून ठेवायचे. येथपर्यंत काहीही हरवलेले नाही. ६४ आकड्यांच्या जागी दुसरे ६४ आकडे आले इतकेच. गंमत पुढे आहे. आकाश, चेहरा, भिंत अशा दृश्यांत सावकाश बदलणाऱ्या नक्ष्यांचे प्रमाण मोठे असते आणि भरभर बदलणाऱ्यांचे अगदी नगण्य. शिवाय आपल्या डोळ्यालाही त्या बारीक चढउतारांचे फारसे भान नसते. म्हणून ती लहान प्रमाणे सरळ शून्य धरायची. शून्यांची लांबच लांब रांग फार थोड्या जागेत लिहिता येते, आणि फाइल एकदम लहान होते.

रंगांच्या बाबतीतही अशीच काटछाट होते. तेजातला फरक डोळा जितका अचूक टिपतो तितका रंगातला टिपत नाही. त्यामुळे तेजस्वितेची नोंद प्रत्येक बिंदूची ठेवायची आणि रंगाच्या दोन नोंदी मात्र शेजारच्या चार बिंदूंना मिळून एकदाच ठेवायच्या, असा प्रघात आहे. हिशेब करून पाहा. प्रत्येक बिंदूमागे तीन आकडे लागत होते, तेथे सरासरीने दीडच लागतो. अर्धी जागा वाचली, आणि डोळ्याला पत्ताही नाही.

फसवणूक म्हणावी तर ही फसवणूकच, पण मोठी शास्त्रशुद्ध. चेहऱ्यासाठी, निसर्गदृश्यासाठी ती फारच उत्तम चालते. अडचण येते ती आपल्याला, कारण शाळेच्या विज्ञानात चेहरे कमी आणि रेघा जास्त. परिपथाची आकृती, नकाशा, नामनिर्देशाच्या बाणांसह काढलेले हृदय, आवर्त सारणी, हस्तलिखित उत्तर या सगळ्यांत काळ्याला लागून एकदम पांढरे येते. अशी धारदार कड तयार करायला त्या शेवटच्या भरभर बदलणाऱ्या नक्ष्याच लागतात, आणि नेमक्या त्याच आपण फेकून दिलेल्या असतात. मग अक्षरांभोवती धुरकट ठिपक्यांची झालर दिसते. अनुस्वार त्या झालरीत बुडतो. ‘mA’ आणि ‘µA’ यांतला फरक कळेनासा होतो. लाल अक्षरांत केलेले नामनिर्देश निळ्या पार्श्वभूमीवर ओघळल्यासारखे दिसतात, ते रंगाच्या काटछाटीमुळे. लिटमसचा किंवा सार्वत्रिक दर्शकाचा रंग फोटोवरून ताडून पीएच ठरवण्याचा प्रकल्प मुले करतात. त्यांना तर हा इशारा आधीच द्यायला हवा.

अशी प्रत गॅलरीत घेऊन कोणी तिची कड कापली, वर काही लिहिले आणि पुन्हा नव्याने पाठवली की ही छाटणी परत एकदा होते. चौकोनांची मांडणी या वेळी वेगळ्या जागी पडते आणि जुन्या झालरीवर नवी झालर चढते. चार-पाच हात फिरलेली आकृती मळकट दिसते ती यामुळे.

येथे अ‍ॅपच्या बाजूने बोलायलाच हवे. ४ मेगाबाइटचा एक फोटो ६० विद्यार्थ्यांनी उतरवून घेतला तर एकूण २४० मेगाबाइट खर्ची पडतात. तोच आकुंचित होऊन पाव मेगाबाइटचा झाला तर सगळ्या वर्गाचे काम १५ मेगाबाइटमध्ये भागते. ज्या घरात एकच मोबाइल, त्यातही मोजका डेटा, त्या घरातल्या मुलीपर्यंत धडा पोहोचला तो या छाटणीमुळेच. २०२० आणि २०२१ मध्ये हे काम या अ‍ॅपने केले, हे नाकारून टीका करण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०२३ पासून ‘एचडी’ प्रत पाठवण्याची सोयही आली आहे. तीत माप बरेचसे टिकते, आकुंचन थोडे होतेच. माझा आक्षेप आकुंचनाला नाही. आक्षेप दुसऱ्या गोष्टीला आहे.

फोटोच्या फाइलमध्ये चित्राखेरीज आणखी बरेच काही असते. १९९५ मध्ये जपानी कॅमेरा-उद्योगाने एक्झिफ नावाचे मानक आणले. त्यानुसार फोटो कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने, भिंग किती उघडले होते, किती वेळ उघडे होते, आणि मोबाइलने परवानगी दिली असेल तर पृथ्वीवर कोणत्या अक्षांश-रेखांशावर, हे सारे फाइलच्या आतच लिहिले जाते. याशिवाय छायाचित्रकाराचे नाव, चित्राचा मथळा, हक्कांची नोंद लिहायलाही फाइलमध्ये राखीव जागा असते. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार १९९० च्या दशकापासून ती वापरत आले आहेत. ही नोंद किती थोडी जागा घेते? काही ओळी मजकुराची. चित्राच्या मानाने नगण्य. आणि फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप ती पुसून टाकते.

विज्ञानाच्या दृष्टीने ही नोंद म्हणजे चित्राचा जन्मदाखला. वनस्पतीच्या संग्रहातील वाळवलेल्या फांदीला जशी चिठ्ठी असते, कोठे सापडली, कधी, कोणी गोळा केली, तशीच. चिठ्ठी नसलेली फांदी कितीही नीट वाळवलेली असली तरी संग्रहात तिला किंमत नाही.

एक उदाहरण घेऊ. बहावा दरवर्षी कधी फुलतो, त्यात बदल होतो आहे का, हा आज खरा संशोधनाचा प्रश्न आहे. ‘सीझनवॉच’सारख्या भारतीय उपक्रमात शाळकरी मुले आपल्या आवडीच्या झाडाच्या नोंदी करतात. ‘आयनॅचरलिस्ट’वर कोणीही फोटो चढवू शकतो. पण तेथे निरीक्षणाला संशोधनयोग्य दर्जा मिळायचा तर तारीख आणि ठिकाण लागतेच; फोटो कितीही सुरेख असो. समजा, एका मुलीने आपल्या गावातल्या बहाव्याचा पहिला घोस मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात टिपला आणि फोटो वर्गाच्या गटावर टाकला. बाईंनी तो एप्रिलमध्ये प्रकल्पासाठी गटावरून उतरवून घेतला. आता त्यांच्या हातात पिवळ्याधमक फुलांचा फोटो आहे. निरीक्षण मात्र त्या मुलीच्याच मोबाइलमध्ये राहिले, आणि तिने जागा करायला तो पुसला असेल तर कोठेच राहिले नाही.

याहून घातक एक बारकावा आहे. अँड्रॉइड मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपने साठवलेल्या फोटोचे नाव ‘आयएमजी’, मग वर्ष-महिना-दिवसाचे आठ आकडे, मग ‘डब्ल्यूए’ आणि क्रमांक, असे असते. ते आठ आकडे पाहून कोणालाही वाटेल की फोटोची तारीख मिळाली. वस्तुतः ती फोटो काढल्याची तारीख नव्हेच. त्या अ‍ॅपमधून तो फोटो ज्या दिवशी गेला-आला, तो दिवस आहे. तीन वर्षांपूर्वीचा फोटो आज आला तर नावात आजची तारीख. काहीच नोंद नसती तर विद्यार्थी निदान चौकशी करतो. नोंदीसारखे दिसणारे काहीतरी असले की तो ते विश्वासाने वहीत उतरवतो. सूची हरवण्यापेक्षा चुकीची सूची चिकटणे वाईट. दिवाळीच्या चित्राचे तेच झाले.

नोंद हीच माहिती असते, अशी उदाहरणे भौतिकशास्त्रातही आहेत. कॅमेरा तिवईवर बसवून ध्रुवताऱ्याच्या दिशेने रोखला आणि भिंग बराच वेळ उघडे ठेवले तर ताऱ्यांच्या कमानी उमटतात. कोनमापकाने कमान मोजली, ती ५ अंशांची भरली. भिंग किती वेळ उघडे होते हे एक्झिफमध्ये पाहिले, १२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटे. ५ अंशांना २० मिनिटे, तर १५ अंशांना एक तास, आणि ३६० अंशांना २४ तास. पृथ्वीच्या परिवलनाचा काळ मुलांनी एका फोटोवरून काढला. तोच फोटो गटावरून उतरवून घेतलेल्या मुलांना कमानी दिसतील, मोजता येतील, पण गणित पुढे सरकणार नाही.

आता या पुसण्याची दुसरी बाजू. नोंद पुसण्यामागे एक चांगले कारणही आहे. घराच्या अंगणात काढलेल्या मुलाच्या फोटोत त्या घराचे अक्षांश-रेखांश असतात. तो फोटो दोनशे अनोळखी माणसांच्या गटावर गेला तर पत्ताही गेला. म्हणून ठिकाण पुसणे योग्यच. दुर्मिळ प्राण्यांच्या बाबतीत ‘आयनॅचरलिस्ट’ही नेमके ठिकाण झाकून ठेवते. परंतु ठिकाण झाकणे वेगळे आणि तारीख, मथळा व काढणाऱ्याचे नावही त्याच फडक्याने पुसणे वेगळे. काय ठेवायचे, काय पुसायचे, हे विचारण्याची सोय करणे अ‍ॅपला अवघड नव्हते. फोटोवर हसरे चेहरे चिकटवायला, रंगीत रेघा ओढायला तेथे किती साधने दिली आहेत पाहा! ‘स्रोत’ अशा एका ओळीची जागा मात्र नाही. फोटोखाली आपण मथळा लिहितो, तो संभाषणात राहतो. गॅलरीत साठणाऱ्या फाइलमध्ये तो उतरत नाही. खरा दोष मला हा वाटतो. फाइलमध्ये मथळ्याला जागा आहे, पाठवणाऱ्याने मथळा लिहिला आहे, आणि तरीही दोघांची गाठ घालून दिलेली नाही. ‘सेव्ह’ या शब्दाला मराठीत कोठे कोठे ‘जतन करा’ असा प्रतिशब्द दिसतो. जतन हा जपणुकीचा शब्द आहे, आजीच्या पेटीतल्या कागदांसाठी वापरावा असा. या बटणाला तो शोभत नाही.

साठवण्याच्या पद्धतीबद्दलही थोडे. मोबाइल डेटावर आलेले फोटो आपोआप उतरवून घ्यायचे, अशी या अ‍ॅपची मूळ मांडणी असते. सेटिंगमध्ये जाऊन ती आपल्याला बदलता येते, पण बदलतो कोण? परिणामी मुलीचा बहावा, सुप्रभातची गुलाबाची फुले, लग्नपत्रिका आणि हरवलेल्या पाकिटाची सूचना एकाच फडताळात पडतात. सुप्रभातच्या चित्रांनी भारतीयांचे मोबाइल भरून जातात, ही २०१८ मध्ये परदेशी वृत्तपत्रांतही बातमी झाली होती. मग जागा संपली की सगळे फडताळ एकदम रिकामे केले जाते. निवडून ठेवणे ही साठवण्यातली पहिली पायरी. आपोआप डाउनलोडमध्ये तीच नाहीशी होते. संग्रहालयात वस्तू आली की आधी नोंदवहीत चढते, मग कपाटात जाते. येथे कपाट आहे, नोंदवही नाही.

शिक्षकाने मग काय करावे? अ‍ॅप सोडा असा सल्ला देणे सोपे आहे, आणि निरुपयोगी. त्याऐवजी मोजके बदल पुरतात. निरीक्षणाचे, आलेखाचे, सूक्ष्मदर्शकातले फोटो ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला मुलांना शिकवावे. तसे केले की मूळ फाइल छाटणीशिवाय आणि नोंदीसह जाते. अर्थात तिच्यासोबत ठिकाणही जाते, म्हणून माणसांचे, विशेषतः मुलांचे फोटो या मार्गाने पाठवू नयेत, हेही त्याच तासाला सांगावे. आकृती हवी असेल तर पुस्तकाच्या पानाचा फोटो फिरवण्यापेक्षा बालभारतीच्या संकेतस्थळावरील पीडीएफमधले ते पान द्यावे. दुसरीकडून चित्र घ्यायचे तर नुसते चित्र ओढून घेऊ नये. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राच्या पानावर ते कोणी काढले, कधी, आणि कोणत्या अटींवर वापरता येईल हे दिलेले असते. ती ओळही उतरवून घ्यावी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला व विद्यार्थ्याला पुनरुत्पादनाची मोकळीक दिली आहे. पण मोकळीक आहे म्हणून कर्त्याचे नाव गाळावे असे त्यातून निघत नाही.

गमतीची गोष्ट अशी की तांत्रिकदृष्ट्या सर्वांत हलका मानला जाणारा प्रकार, म्हणजे पडद्याचाच फोटो, ज्याला आपण स्क्रीनशॉट म्हणतो, तो कधी कधी मुळापेक्षा अधिक प्रामाणिक ठरतो. पडद्यावर मावेल तेवढाच तपशील त्यात येतो हे खरे. पण चित्र, त्याखालचा मथळा, रंगसूची आणि संकेतस्थळाचे नाव एकाच चौकटीत येते, आणि कितीही वेळा पाठवले तरी ते चित्रापासून सुटे होत नाही. एल्विज यांचे चित्र असे सूचीसह फिरले असते तर कदाचित त्याची दिवाळी झाली नसती.

वर्गात करून पाहण्यासाठी एक प्रयोग सुचवतो. खर्च काही नाही, दोन मोबाइल हवेत. आलेख-कागदावर सुईने टोचल्यासारखे दहा बिंदू मांडा, कोपऱ्यात बारीक अक्षरांत काही शब्द लिहा आणि दिवसाउजेडी फोटो काढा. हाच फोटो दुसऱ्या मोबाइलवर तीन प्रकारे पाठवा : साधा, एचडी आणि डॉक्युमेंट म्हणून. आता प्रत्येक प्रतीचा ‘तपशील’ उघडून फाइलचे माप, बिंदूंची संख्या, तारीख आणि ठिकाण यांचे कोष्टक करा. तीन गटांना तीन प्रती देऊन, एकमेकांना न विचारता, दहाही बिंदूंचे निर्देशक वाचायला सांगा. मग साधी प्रत दुसऱ्या मोबाइलवरून किंचित कापून परत पाठवा, आलेली प्रत पुन्हा कापून पाठवा, असे पाच वेळा करा आणि कोपऱ्यातला कोणता शब्द कितव्या फेरीत वाचेनासा होतो ते नोंदवा. ‘ण’ आधी जातो की ‘र’, रफार आधी पुसतो की अनुस्वार, यावर मुले हिरिरीने वाद घालतील. त्यांना घालू द्यावा. आणि कोष्टकाच्या वर प्रयोगाची तारीख हाताने लिहायला सांगावी.